जमीन गप्प करणाऱ्या बाई

रविवारी सकाळी खालच्या अंगणातून तो चिरका आवाज यायला लागला की मी उशी कानावर ओढून घ्यायचे. आठवडाभर कर्वेनगर ते खराडी आणि खराडी ते कर्वेनगर करून माणसाचं जे काही शिल्लक राहतं, ते रविवारी सकाळी झोपलेलं असतं. आवाज वर चढायचा, खाली यायचा, पुन्हा चढायचा आणि बऱ्याच वेळाने एका सपाट गुणगुणीवर येऊन थांबायचा. तोवर माझी झोप गेलेली असायची. खिडकीतून पाहिलं तर बाई जास्वंदीपाशी उभ्या दिसायच्या. सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला ताटलीएवढी काळी तबकडी. ती तबकडी त्या जमिनीपासून वर उचलायच्या, परत खाली न्यायच्या आणि दुसऱ्या हाताने दांडीवरच्या डबीचं बटण अगदी जरा जरा फिरवायच्या.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जमीन गप्प करतेय."

बाई माझ्या घरमालकीण. मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना बाईच म्हणत. त्या मात्र सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. मला, दूधवाल्याला, भांडी घासायला येणाऱ्या शोभाला आणि फाटकापाशी झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "जरा सरकता का आपण?" असं त्या कुत्र्याला विचारायच्या आणि तो उठेपर्यंत फाटक अडवून उभ्या राहायच्या.

जमिनीतला धातू शोधायचं ते मशीन त्यांच्या मुलाचं. तो परदेशात समुद्रकिनाऱ्यावर नाणी शोधायचा. एकदा सुट्टीवर येताना मशीन घेऊन आला आणि परत जाताना बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून इथेच टाकून गेला. तिकडच्या वाळूत शहाण्यासारखं वागणारं ते मशीन इथे चालू केल्याबरोबर किंचाळायला लागलं. मुलगा म्हणाला, बिघडलंय. बाईंनी माहितीपुस्तिका दोनदा वाचली आणि ठरवलं की मशीन ठीक आहे, मुलाला जमीन समजलेली नाही.

पुढे त्यांनी मला ते समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण बाईंच्या घरात भाड्याने राहायचं म्हणजे थोडं विज्ञान आलंच. पुण्याखाली सगळा काळा दगड. त्या दगडात लोह, दगडाची माती झाली तरी मातीत लोह. मशीनला वाटतं जिकडेतिकडे लोखंडच पसरलंय, म्हणून ते बोंब मारत राहतं. तर आधी तबकडी वरखाली करून जमिनीचा स्वतःचा आवाज किती ते ऐकायचं आणि 'ग्राउंड' लिहिलेल्या बटणाने तेवढा आवाज वजा करायचा. तबकडी वर नेली काय, खाली आणली काय, गुणगुण सारखीच राहिली म्हणजे जमीन गप्प झाली. त्यानंतर जो आवाज येईल तो वस्तूचा. काल पाणी घातलं असेल तर आज जमीन वेगळी, वीटकाम पडलेलं असेल तर आणखी वेगळी. म्हणून दर रविवारी सराव.

दुसरं बटण 'गेन'चं. मशीनने किती बारीक चाहूल घ्यायची ते त्यावर ठरतं. गेन वाढवला की खोलवरचं कळतं, पण मग गंजका खिळा, बाटलीचं झाकण, जमिनीखालून गेलेली वायर, सगळेच एकदम बोलायला लागतात. नवशिकी माणसं गेन वाढवतात आणि काहीच ऐकत नाहीत, असं बाई म्हणायच्या. त्यांचा गेन कायम कमी असायचा.

"माणसांचंही तसंच असतं नाही, बाई?" असं मी एकदा म्हटलं. ऑफिसात दिवसभर कॉल ऐकून आले होते, बोलून गेले.

"उगाच तत्त्वज्ञान करू नका," त्या म्हणाल्या. "मशीन आहे ते."

लोक त्यांच्याकडे हरवलेल्या वस्तू घेऊन यायचे. म्हणजे वस्तू नाही, तिचं हरवणं घेऊन. लग्नाच्या लॉनवर पडलेली नथ, सोसायटीच्या मैदानात गळलेलं पैंजण, गाडीची किल्ली. एका गृहस्थांनी सकाळी अंगणात दात घासताना चूळ भरली आणि सोन्याचा दातच आळ्यात टाकला. तो सापडल्यावर ते तिथल्या तिथे नळाखाली धुऊन तोंडात बसवून बघायला लागले. "अहो, निदान मी जाईपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. पैसे त्या घेत नसत, चहासुद्धा नाही. अट एकच, की ज्याची वस्तू त्याने शोध संपेपर्यंत शेजारी उभं राहायचं.

एकदा मोठ्या पांढऱ्या गाडीतून तिघेजण आले. गावाबाहेरच्या कुठल्याशा पडक्या गढीत हंडा आहे, अमावस्येला बाईंनी मशीन घेऊन यावं, चौथा वाटा त्यांचा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग, असल्या गोष्टी सरकारच्या असतात, तेव्हा अर्ज सरकारकडे करा, असं सांगून वर म्हणाल्या, "आणि अमावस्येला मला झोप फार छान लागते."

आणखी एक आठवतो, आयटीतला मुलगा, माझ्याच वयाचा. टेकडीवर फिरताना साखरपुड्याची अंगठी पडली म्हणून आला. मशीनचा डबा धरायला मी बरोबर गेले होते. बाई तासभर चढावर तबकडी फिरवत होत्या आणि त्यांच्या पिशवीत बाटल्यांची झाकणं जमत होती. मुलगा दर थोड्या वेळाने नवी जागा दाखवायचा. इथे बसलो होतो बहुतेक, नाही, तिकडे. शेवटी बाईंनी मशीन बंद केलं, एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला ती सापडायला नको आहे. मग माझे गुडघे कशाला?" थोड्या वेळाने मुलगाही शेजारच्या दगडावर बसला. आम्ही उतरायला लागलो तरी तिथेच होता.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना विचारलं होतं. या वयात ऊन खात लोकांच्या अंगणात वाकायचं. बाईंनी तबकडी फडक्याने पुसत पुसत उत्तर दिलं. वस्तू हरवली की ती सापडेपर्यंत घरातली माणसं एकमेकांकडे बघत राहतात, त्या म्हणाल्या. ते बघणं फार वाईट. वस्तूचं मोल त्यापुढे काही नाही.

म्हणूनच पुढे जे झालं ते बाईंना इतकं लागलं.

आमच्याच गल्लीत टोकाला एक बंगला आहे. तिथे नवरा-बायको आणि नवऱ्याचे म्हातारे वडील राहतात. वडिलांना सगळी गल्ली दादा म्हणते. दादांचं विसरणं वाढत गेलं, तसा त्यांना एक नाद लागला. घरातल्या वस्तू उचलायच्या आणि बागेत पुरायच्या. चमचे, चष्मा, टीव्हीचा रिमोट. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. शोभा त्या घरी भांडी घासायची, केर-फरशी करायची आणि दुपारी दादांना चहा करून द्यायची. आमच्याकडेही तीच यायची, आणि गल्लीतल्या आणखी काही घरांत. लातूरकडची, नवऱ्याबरोबर पुण्यात आलेली. नवरा गेल्यावर एकटीच कामं धरून राहिलेली. कमी बोलायची. वर माझ्याकडे आली की आधी खिडकी उघडायची, कारण मी ती कधीच उघडत नसे.

त्या घरच्या वहिनींची सोन्याची साखळी दिसेनाशी झाली. बारीक, रोज गळ्यात घालायची. पहिला संशय अर्थातच दादांवर. म्हणून बाईंना बोलावलं. बाईंनी सकाळभर ती बाग पालथी घातली. एक पळी निघाली, एक कुलूप, चष्म्याची दांडी. शेवटी त्यांनी मशीन बंद केलं आणि सांगितलं, "साखळी इथे नाही."

बाईंचं 'नाही' आमच्या गल्लीत लॅबच्या रिपोर्टसारखं होतं. बागेत नाही म्हणजे दादांनी नेलेली नाही. दादांनी नाही, तर मग राहिलं कोण? हे मोठ्याने कोणी म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पोलिसांनी शोभाला चौकीत बोलावून घेतलं. दिवसभर बसवून ठेवलं, तिच्या खोलीत जाऊन डबे उपसले आणि संध्याकाळी सोडून दिलं. सापडलं काहीच नाही. पण तिच्या हातची कामं आठवडाभरात गेली. कोणी म्हणालं आम्ही भांडी धुवायचं मशीन घेतोय, कोणी म्हणालं गावाला जातोय. आमच्याकडचं काम कोणी काढलं नव्हतं. तिथे ती स्वतःच आली नाही.

बाईंनी दुसरी बाई लावली नाही. भांडी स्वतः घासायला लागल्या. मी एकदा विषय काढला तर तुटकपणे म्हणाल्या, "मी चोरी म्हटलेलं नाही. इथे नाही, एवढंच म्हटलंय." शब्दाच्या बाबतीत त्या शाळेत असल्यासारख्या काटेकोर होत्या. पण ते वाक्य त्यांनी मग आणखीही दोन-तीनदा, मी काही विचारलेलं नसताना, म्हणून दाखवलं.

काही महिने तसेच गेले. मी घरून काम करत होते, तो कुठलातरी मधला वार असेल. खालून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. एकामागून एक, थांबेचनात. मग शिट्ट्या बंद झाल्या आणि जळका वास आला. धावत खाली गेले तर कुकर करपून काळा पडलेला आणि बाई दोन हातांवर, स्वयंपाकघरातल्याच खुर्चीत, पेपर वाचत बसलेल्या. मी गॅस बंद केल्यावर दचकून वर बघितलं. "सांगून येत जा," म्हणाल्या.

त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला मला आठवडाभर भांडावं लागलं. लोक पुटपुटतात, हल्ली कोणाला स्पष्ट बोलायला शिकवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथे काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. कागदावरची रेघ डावीकडे बरी होती आणि मग घाट उतरावा तशी खाली गेलेली. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज येतात, पण बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेत, आणि हे एका दिवसात झालेलं नाही, वर्षा-दोन वर्षांपासून असणार. बाईंनी कानाच्या यंत्राबद्दल काही विचारलं नाही, किमतीबद्दल नाही. त्यांनी एकच विचारलं. अगदी बारीक शिट्टी, क्षणभर वाजून जाणारी, ती ऐकू येत असेल का?

"ती तर नाहीच," डॉक्टर म्हणाले.

रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या. मला वाटलं वयाचं वाईट वाटतंय. घराकडे वळायच्या आधी त्यांनी रिक्षावाल्याला सरळ टोकाच्या बंगल्यापाशी न्यायला सांगितलं. वहिनींनी दार उघडलं. बाईंनी पायरीवरूनच, मला बाग पुन्हा बघायची आहे, म्हणून सांगितलं. वहिनी ओशाळल्या. आता काय उपयोग, ते सगळं मिटलंय, दादाही आता अंथरुणाला खिळलेत, असं काहीबाही म्हणत राहिल्या. त्यांचे यजमान मागून आले. बाई त्यांना म्हणाल्या, "त्या दिवशी मला ऐकू येत नव्हतं. माझं 'नाही' धरू नका." ते म्हणाले, रविवारी या.

शोधाला गेल्यावर बाई लावायच्या ते हेडफोन त्या रविवारी पहिल्यांदा माझ्या कानांवर चढले. बाईंनी दांडी माझ्या हातात दिली, माझा हात धरून तबकडी वरखाली करवली आणि काय ऐकू येतंय ते विचारलं. मी म्हटलं, सगळंच. कानात नुसता गलका होता. बाईंनी गेन उतरवला. मग ग्राउंडचं बटण मला फिरवायला लावलं. तबकडी खाली नेताना आवाज वाढतोय का वर नेताना, ते सांगा. खाली नेताना. मग इकडे फिरवा. आता? आता वर नेताना. जास्त झालं, थोडं मागे. माझा हात भरून आला, मान अवघडली, डोक्यावर ऊन आलं. अंगणात बंगला बांधतानाचा राडारोडा पुरलेला होता, त्यामुळे दर चार पावलांवर जमीन बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून. वहिनी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी अर्ध्या तासात थकले. हे काम सत्तरी उलटलेली बाई इतकी वर्षं कशी करत आली, हा विचार माझ्या मनात आला, आणि हेही, की ऑफिसात थकणं वेगळं आणि हे वेगळं.

कुंपणाजवळ तगरीचं झाड आहे. त्याच्या आळ्यावरून तबकडी गेली तेव्हा डास कानाजवळून जावा तसं काहीतरी झालं. मी पुढे गेले. मग थांबले आणि बाईंना सांगितलं. त्यांनी मला परत त्याच जागी आणलं. पुन्हा तोच डास. मग वळून दुसऱ्या बाजूने यायला लावलं. तिकडूनही तो होताच. बारीक साखळीची प्रत्येक कडी वेगळी असते, त्यामुळे ती अंगठीसारखी खणखणीत वाजत नाही, असं बाईंनी पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. त्या खुरपं घेऊन खाली बसल्या. वीतभर माती काढल्यावर दुधाची रिकामी पिशवी लागली, तोंडाला गाठ मारलेली. पिशवीत साखळी होती.

वहिनींनी ती हातात घेतली आणि रडायलाच लागल्या. यजमान आत जाऊन पाणी घेऊन आले. सगळ्यांनाच हलकं वाटलं होतं, पेढे आणायची भाषा झाली. बाई मात्र आळ्याशी तशाच बसून होत्या. मी त्यांना उठवायला वाकले तेव्हा त्या खाली बघत, मला ऐकू जाईल इतपतच म्हणाल्या, "इथे मी थांबले होते त्या दिवशी."

शोभाला आम्ही फोन करून सांगतो, असं वहिनी म्हणाल्या. बाई म्हणाल्या, फोन नको, मी जाते.

मधल्या आठवड्यात बाईंनी कानाचं यंत्र घेतलं. त्यांनी ते घेतलं याचं मला आश्चर्य वाटलं, पण कारण त्यांनीच सांगितलं. तिचं बोलणं मला नीट ऐकू यायला हवं. यंत्र लावून रस्त्यावर आल्या तर तोंड कसनुसं झालं. सगळं शहर भांडतंय की काय, म्हणाल्या. शोभाचा पत्ता गल्लीतल्या दुसऱ्या कामवालीने दिला. कात्रजच्या पुढे, डोंगराच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या आहेत तिथे. रिक्षा जिथवर गेली तिथवर गेलो, पुढचा चढ पायी. बाई दोनदा थांबल्या.

शोभा दारातच धान्य निवडत बसली होती. आता एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाते, म्हणाली. आम्हाला बघून उठली नाही, पण एक चटई पुढे सरकवली. बाई चटईवर बसल्या. त्यांना खाली बसायला किती त्रास होतो ते मला ठाऊक होतं. त्यांनी सगळं सांगितलं. साखळी सापडली, कुठे सापडली, कशी सापडली, कानांची तपासणी, डॉक्टर काय म्हणाले ते. शाळेत धडा सांगावा तसं क्रमाने. शोभाचे हात सुपात चालूच होते. सगळं सांगून झाल्यावर तिने हात थांबवले.

"त्या दिवशी तुमाला ऐकू येत न्हाई, हे तुमाला ठाव होतं का?"

मला वाटलं होतं बाई नाही म्हणतील. नाही म्हटलं असतं तर तेही फारसं खोटं ठरलं नसतं. डॉक्टरांकडे तर त्या नंतर गेल्या होत्या.

बाई म्हणाल्या, "संशय होता. त्या झाडाशी मला काहीतरी वाटलं. नक्की कळेना, म्हणून मी गेन वाढवला. मग मशीन नुसतंच ओरडायला लागलं. शेजारी वहिनींचे यजमान उभे होते. मला ऐकू येत नाही हे त्यांच्यासमोर म्हणवेना. मी पुढे गेले."

शोभा त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. जड ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस त्या ओझ्याकडे बघतं, तसं काहीतरी.

"मग तेवढंच बोलायचं होतं की," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या.

बाईंनी माफी मागितली का, असं मला नंतर कोणीकोणी विचारलं. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्यांनी शोभाला विचारलं की आता मी काय करू. पैशांचं वगैरे त्या बोलल्या असत्या तर शोभाने आम्हाला उठवलं असतं, असं मला वाटतं. ती थोडा वेळ धान्यातले खडे बाजूला करत राहिली. मग म्हणाली की मला मेसला सुट्टी असते त्या दिवशी गल्लीत येते. जिथं जिथं माझं काम होतं, त्या दारात तुम्ही माझ्यासंगं चला आणि जे इथं बोललात ते तिथं बोला. तिला आणखी काही नको होतं.

ठरल्या दिवशी ती चांगली साडी नेसून आली. उन्हं वर आलेली, गल्लीत माणसं होती. बाई पुढे, शोभा त्यांच्या बरोबरीने, मी मागे. पहिल्या घरी दार उघडलं, या या, बसा, झालं. बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, की साखळी बागेतच होती, मला ऐकू आलं नाही, ऐकू येत नसल्याचा संशय असूनही मी सांगितलं नाही, आणि त्यामुळे यांच्यावर आळ आला. 'यांच्यावर' म्हणताना त्यांनी हात शोभाकडे केला. त्या घरच्या काकू, जाऊ द्या हो बाई, होतं असं, म्हणाल्या. बाई म्हणाल्या, नाही, असं होत नाही, मी केलं. पुढच्या घरी तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत. एका घरी कोणी नव्हतं, तर शेजारच्यांच्या ओट्यावर वाट बघितली. एका घरी दार अर्धंच उघडलं आणि ऐकून झाल्यावर, बरं, म्हणून लावून घेतलं. प्रत्येक घरी बाई जराशा जास्त वाकल्यासारख्या वाटत होत्या, पण वाक्यातला एकही शब्द त्यांनी गाळला नाही. शोभा फक्त दारातल्या माणसाच्या तोंडाकडे सरळ बघत उभी राहायची.

शेवटी टोकाचा बंगला. वहिनींनी शोभाला आत घेतलं, हात धरला, चुकलं गं आमचं, म्हणाल्या. उद्यापासून ये, म्हणाल्या, पगार वाढवून देते. शोभाने हात सोडवून घेतला. मी भांडी घासायला आले न्हाई, ती म्हणाली. बाईंनी आपलं वाक्य याही दारात म्हटलं, जरी इथे ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग निघायचं तेवढ्यात शोभाने विचारलं, "दादा कसे हायत?"

दादा आतल्या खोलीत पलंगावर होते, खिडकीकडे तोंड करून. मुलालाही ओळखत नव्हते, असं वहिनी वाटेत सांगत होत्या. शोभा पलंगापाशी गेली. दादांनी मान वळवली, तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"शोभा," ते म्हणाले, "आज उशीर केलास. चहा कुठंय?"

वहिनी भिंतीकडे बघायला लागल्या. शोभाने पदर तोंडाशी नेला, परत खाली घेतला. त्यांच्या अंगावरून घसरलेली चादर तिने वर ओढली आणि चारी बाजूंनी नीट खोचली.

"व्हय दादा," ती म्हणाली, "झाला उशीर."

ती आली तशीच बाहेर पडली. चहा तिने केला नाही. आमच्याकडे एकदा मान हलवून ती कोपऱ्यावरच्या बसस्टॉपकडे चालायला लागली. बाई फाटकाला धरून उभ्या होत्या, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. मग त्यांनी कानातलं यंत्र काढून मुठीत घेतलं आणि मला म्हणाल्या, "पाय फार दुखतायत हो. जरा हात द्या."